धूर पिणारी खोली

कोलशेतच्या त्या कारखान्यात एक खोली अशी होती, जिच्यात डास नव्हते. नव्वद सालाच्या आगेमागे ज्यांनी खाडीकाठी नोकरी केली असेल, त्यांनाच यातलं नवल कळेल. संध्याकाळचे पाच वाजले की खाडीकडून डासांचे थवे उठायचे. कारकून खुर्चीवर मांडी घालून बसायचे, कारण पाय खाली सोडायची सोय नसे. त्या खोलीत मात्र एकही डास नाही. मुंगी नाही, कोळी नाही, माशी नाही. मी नवीन होते. मला वाटलं, वा, काय छान जागा मिळाली आपल्याला!

मी तेव्हा तेवीस वर्षांची. वनस्पतिशास्त्राची पदवी हातात होती आणि जगातलं बहुतेक सगळं आपल्याला कळतं अशी खात्री होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्या खोलीत एका बाईच्या जिवावर बेतलं आणि त्यात खोलीचा जेवढा हात होता तेवढाच माझ्या या खात्रीचा होता. इतकी वर्षं मी ही गोष्ट माझ्या सोयीने सांगत आले. आज जशी घडली तशी सांगते.

कारखान्याचे मालक, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो, हॉलंडला जाऊन आले होते. तिकडे त्यांनी काचेची घरं पाहिली. त्या घरांत टोमॅटो वाढवतात आणि बॉयलरचा धूर धुऊन, गार करून त्या झाडांना देतात. झाडं हवेतला कर्बवायू खातात हे शाळेतलं पोरही सांगेल आणि चिमणीतून तोच तर बाहेर पडतो. मग चिमणीच झाडांच्या तोंडात दिली तर? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं साहेबांनी आल्या आल्या एक जुनं गोडाऊन रिकामं करून घेतलं. खिडक्या विटांनी बुजवल्या, कारण धूर बाहेर गेला तर झाडं खाणार काय. छताला ट्यूबलाइटांच्या रांगा लावल्या. चिमणीतून एक पाइप काढून तो सोड्याच्या पाण्याच्या टाकीतून फिरवला, म्हणजे काजळी आणि गंधकाचा दर्प तिथेच राहील. मग भोकं पाडलेला तोच पाइप जमिनीलगत कुंड्यांच्या रांगांमधून नेला. वर छताजवळ भिंतीत एक एक्झॉस्ट पंखा बसवला. कुंड्यांत मनीप्लांट, रबराची झाडं, अळू, कर्दळ, केळी, शोभेचे पाम. दारावर हिरव्या रंगात पाटी: 'हरित कक्ष'. मुंबईहून पाहुणे यायचे, माना डोलवायचे, फोटो काढून घ्यायचे.

चिमणीतला किती धूर या पाइपातून जातो, असं मी बॉयलरवरच्या ऑपरेटरला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्याने करंगळीचं टोक दाखवलं आणि हसला. म्हणजे दर्यात खसखस. बाकी सगळा धूर पूर्वीसारखाच वरून खाडीकडे जात होता. मला राग आला, पण पहिली नोकरी होती आणि नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आईने पेढे वाटून झाले होते. मी गप्प बसले.

माझं काम सोपं होतं. पानं मोजायची, त्यांची लांबी-रुंदी वहीत लिहायची आणि चुन्याच्या निवळीच्या बाटल्या बदलायच्या. चुना पाण्यात घोळून वरचं स्वच्छ पाणी घेतलं की ती निवळी. तिला कर्बवायू लागला की ती दुधासारखी होते. खोलीत कमरेच्या उंचीच्या फळीवर मी उघड्या बाटल्या ठेवायची आणि दूध व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहायची. पाहुणे आले की साहेब ती बाटली उचलून दाखवायचे. गायीच्या दुधाचं कौतुक करावं तसं.

झाडं वाढत होती यात शंका नाही. अळूचं पान एवढं झालं की त्यात तान्हं मूल निजवता आलं असतं. केळी छताला टेकल्या आणि तिथे वाकून पुन्हा खाली यायला लागल्या. पण एकही पान हलत नसे. बाहेरच्या झाडांची पानं वारा नसला तरी काही ना काही चुळबुळ करत असतात, ते आपल्या लक्षातही येत नाही. इथे ती सगळी पानं ट्यूबच्या उजेडात ताठ उभी असायची आणि आपण आत शिरलो की सगळ्यांनी बोलणं थांबवलं असं वाटायचं.

आणि तो श्वास. एका दुपारी मी एकटीच रांगांमध्ये उभी राहून पानं मोजत होते आणि मला जवळच कुणीतरी धापा टाकताना ऐकू आलं. जिना चढून आलेल्या माणसासारखं, भराभरा. मी वळून पाहिलं, कुणी नव्हतं. कर्दळीमागे जाऊन पाहिलं, तिथेही नाही. मग हात छातीवर ठेवला तेव्हा कळलं की धापा मीच टाकतेय. मी तर जागची हललेही नव्हते. घाबरल्यामुळे होत असेल, असं मी ठरवलं. घाबरले होते म्हणून धाप लागली की धाप लागली म्हणून घाबरले, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

खोलीची सगळी देखभाल एक बाई करायची. मी तिला मावशी म्हणायची. कोलशेत गावातली, आगऱ्यांच्या घरातली, पन्नाशीची, काटक. कारखाना उभा राहिला त्या जागी तिच्या सासऱ्याची भातशेती होती. जमीन गेल्यावर घरातल्या एकाला नोकरी मिळाली. आधी नवरा कामाला होता, तो वारल्यावर ती लागली. जिथे केळीच्या कुंड्या होत्या तिथे आमचं खळं होतं, असं ती सांगायची. त्यामुळे कुंड्या कंपनीच्या असल्या तरी झाडं तिचीच होती. माझी पदवी तिच्या लेखी फारशी मोठी नव्हती. ती मला 'बाय' म्हणायची, 'तू' म्हणायची आणि डबा उघडला की त्यात काय आहे ते आधी बघून घ्यायची. "येवरासा खातस?" म्हणून तांदळाची अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकायची. माझा आणि तिचा चांगला जम बसला.

सकाळी झाडू मारताना तिच्या सुपलीत काय काय यायचं ते ती मला दाखवायची. झुरळं, मुंग्यांची काळी ओळ जशीच्या तशी, कधी पाल. सगळी उताणी. एकदा उंदराची दोन पिल्लं निघाली, चिकटून झोपल्यासारखी. "येना कोनी मारलान?" ती विचारायची. मी म्हणायची, औषध फवारलं असेल. औषध कुणी फवारत नव्हतं. पण काहीतरी उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नसे.

मावशीने घरून एका डब्यात तुळस आणून दाराशी, आतल्या बाजूला ठेवली होती. साहेबांना ती कल्पना फार आवडली, फोटोत छान दिसायची. ती तुळसही वाढली. पानं पुदिन्यापेक्षा मोठी झाली, पण एकदा मी एक पान चुरगाळून नाकाशी धरलं तर त्याला वासच नव्हता. कोऱ्या कागदाला असतो तेवढाही नाही. तिन्हीसांजेला मावशी त्या तुळशीपुढे जमिनीवर पणती लावायची आणि पणती विझायची. रोज. तेल असायचं, वात नवी असायची, खोलीत वाऱ्याची झुळूक नसायची, तरी विझायची.

"वारा असेल," मी म्हटलं.

"वारा फुकतो," मावशी म्हणाली. "ह्या फुकत नाय. ह्या उचलतंय. तूच बग."

मी बघितलं. तिने काडी ओढली, पणती पेटवली आणि खाली ठेवली. ज्योत क्षणभर नीट उभी राहिली. मग ती वातीपासून सुटली, दोन बोटं वर गेली, काहीही न धरता हवेत राहिली आणि नाहीशी झाली. कुणीतरी दोन बोटांच्या चिमटीत फूल खुडावं तसं. मावशीने पुन्हा पेटवली आणि या वेळी वरच्या फळीवर ठेवली. तिथे ती शांतपणे जळत राहिली.

"खाली हाय ता," मावशी म्हणाली. "वरती नाय येत."

माझ्या अंगावर काटा आला, हे मी कबूल करते. पण मी हसले. मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा घालायचा प्रयोग मी शाळेत स्वतःच्या हाताने केला होता. कर्बवायू हवेपेक्षा जड असतो हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. माझ्या हातात निवळीची बाटली होती, तीसुद्धा दुधाळ झालेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मावशीने मला सगळं दाखवलं होतं, फक्त तिने त्याला जे नाव दिलं ते माझ्या पुस्तकात नव्हतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

आमचं दोघींचं एकमत झालं ते दुसऱ्याच गोष्टीवर. साहेबांच्या हुकुमाने खोलीतल्या ट्यूब दिवसरात्र चालू असायच्या. "कामगार तीन पाळ्यांत काम करतात, मग झाडांनी का करू नये?" असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि पाहुणे हसायचे. मावशीला हे पाप वाटायचं. तिन्हीसांज झाली की झाडं निजतात, मग त्यांना हात लावायचा नाही, पान तोडायचं नाही, हे तिच्याकडेही होतं आणि आमच्याकडेही. आई तर संध्याकाळनंतर गॅलरीतल्या तुळशीला पाणीही घालू द्यायची नाही. "झारांना निजाला पायजे, बाय," मावशी म्हणायची. "रातचा बी उजेड दिलास त वेरी व्हतीन ती." आणि झाडं खरंच वेडी झाल्यासारखी दिसत होती. केळीची नवी पानं पिळवटून निघत होती, रबराची झाडं मुळाशी पिवळी पडत होती. मी साहेबांना सांगितलं की वनस्पतींना अंधाराची गरज असते. ते म्हणाले, "मॅडम, लाइट चालू राहील."

मला ते 'मॅडम' झोंबलं. त्या संध्याकाळी पावणेसहाला, कंपनीची बस सुटायच्या आधी, मी मावशीला म्हटलं की आपण यांना निजवू. मेन स्विच दाराबाहेर होता, लोखंडी पेटीत, हातभर दांड्याचा. खिडक्या बुजवलेल्या, त्यामुळे आतला अंधार बाहेरून कुणाला दिसणार नव्हता. सकाळी पाहुणे येण्याआधी मावशीने चालू करायचा, झालं. मी दांडा खाली ओढला. ट्यूब विझल्या आणि त्याबरोबर ती अखंड चाललेली घरघरही बंद झाली. पंखा त्याच स्विचवर होता. हे मला त्याच क्षणी कळलं. मला ते ऐकू आलं आणि मला वाटलं, बरं झालं, किती शांत वाटतंय. मावशीने दारातूनच अंधाराला हात जोडले.

पाइपाचा व्हॉल्व्ह बॉयलरकडे होता. तो रात्रीही उघडाच असायचा.

असे चार-पाच दिवस गेले. झाडं सुधारली, निदान आम्हाला तसं वाटलं. मावशीचं सकाळी डोकं दुखायचं, ती कपाळाला बाम चोळून बसलेली असायची. मी म्हणायची, चहा घेतला नसेल. तिने सकाळचा एक क्रमही लावून घेतला होता. दिवेलागणीनंतर केर काढायचा नसतो, म्हणून झाडू सकाळी. आणि पारोशा घरात कुणाला उठवायचं नसतं, म्हणून आधी अंधारातच केर काढायचा आणि मग दांडा वर करून झाडांना उठवायचं. दारातून येईल तेवढ्या उजेडात ती कमरेत वाकून, आखूड केरसुणीने, कुंड्यांच्या रांगांमधून शेवटपर्यंत जायची. एकदा मी लवकर पोचले तेव्हा तिला तसं पाहिलं होतं. अंधारात फक्त केरसुणीचा आवाज पुढे पुढे जात होता आणि मोठमोठी पानं तिच्या पाठीवरून बाजूला होत होती.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असायची. बॉयलर मात्र कधी विझवत नसत. गुरुवारी संध्याकाळी मी रोजच्यासारखा दांडा ओढला, बस पकडली आणि नौपाड्यात उतरून आईसाठी गजरा घेतला. शुक्रवारी सकाळी दांडा वर करायला कुणी नसणार, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. शुक्रवारभर मी घरी होते. दुपारी चांगली दोन तास झोपले.

शनिवारी बस पोचली तेव्हा हरित कक्षाचं दार उघडं होतं. बाहेर मावशीच्या चपला होत्या. आत अंधार होता आणि केरसुणीचा आवाज येत नव्हता. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग दांडा वर केला.

ट्यूब एकदम लागत नाहीत. एक फडफडते, मग पलीकडची, मग मधली. त्या फडफडत्या उजेडात मला आधी अळूची पानं दिसली, मग नुसती काळी जागा, मग पुन्हा पानं आणि त्यांच्या खाली हिरवं लुगडं. मावशी शेवटच्या रांगेत कुशीवर पडली होती, गाल जमिनीला लावून, केरसुणी हातातच. चेहरा इतका स्वस्थ होता की क्षणभर मला ती डुलकी घेतेय असंच वाटलं.

मी धावले आणि तिला उठवायला वाकले. सोड्याची बाटली फोडून नाक जवळ नेल्यावर जशी झणझण मस्तकात जाते तशी झणझण माझ्या नाकात गेली. आणि तेव्हा, त्या एका क्षणात, मला सगळं कळलं. पणती, पाल, उंदराची पिल्लं, माझ्या धापा, पंख्याची थांबलेली घरघर. सगळं एका ओळीत आलं. मी उभी राहिले, धडपडत दाराशी गेले, छाती भरून श्वास घेतला, तोंड बंद करून परत आले आणि मावशीच्या काखेत हात घालून तिला ओढायला लागले. ती हलकी होती, तरी रांग संपेना. पानं तोंडावर येत होती. ओल्या गार जिभा चाटाव्यात तशी ती माझ्या गालांना लागत होती. दारापासून दोन हातांवर माझा श्वास सुटला. सुदैवाने ऑपरेटरने मला पाहिलं होतं. त्याने आम्हा दोघींना बाहेर खेचलं.

मावशी वाचली. आठ दिवस हॉस्पिटलात होती, पहिले दोन दिवस कुणाला ओळखतही नव्हती. साहेब म्हणाले, उपाशीपोटी कामाला येतात या बायका, मग चक्कर येते. सगळ्यांना पटलं. मला विचारलं तेव्हा मीही मान हलवली. साहेबांना मी एकच गोष्ट धीर करून सांगितली, की धूर जमिनीवर साचतोय, खाली एक खिडकी फोडा. ते म्हणाले, "खिडकी फोडली तर धूर बाहेर जाईल. मग खोलीला काय अर्थ राहिला?" इलेक्ट्रिशियनला सांगून मी पंख्याचा स्विच वेगळा करून घेतला. का, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग मी एक काम केलं जे आधी करायला हवं होतं. पंखा चालू ठेवून, एका डब्यात मेणबत्ती पेटवली आणि दोरीने हळूहळू खाली सोडली. पोटरीपर्यंत आली आणि ज्योत उचलली गेली. दार उघडं, पंखा चालू, भर दुपार, तरी ते खाली होतंच. ज्याला रंग नाही आणि वास नाही असं ते माझ्या पावलांभोवती शांतपणे साचलेलं होतं आणि मी त्यात महिनोन् महिने उभी राहिले होते.

मावशी घरी आल्यावर तिचा मोठा मुलगा नौपाड्याला आमच्याकडे आला. बरोबर घरच्या तांदळाची पिशवी. तो माझ्याहून वयाने मोठा, दोन पोरांचा बाप, पण माझ्या आईसमोर तो माझ्या पाया पडला. म्हणाला, आई सांगते, खालून कोन तरी खेचत होता, पन बायने वरशी ओढला. गावात सगळ्यांना सांगितलंय. माझ्या आईने त्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून माझं कौतुक सांगितलं. त्या तांदळाचा भात मला गिळवला नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

आणि मग साहेबांनी मावशीला परत बोलावलं. बाहेरचे कुणीतरी मोठे पाहुणे खोली बघायला यायचे होते आणि त्यांच्यापुढे मावशी पुन्हा तिथे काम करताना दिसली की झालेल्या प्रकाराबद्दल कुणी काही बोललं नसतं. मावशीही तयार होती. झाडं तिची होती आणि मी तिथे होते. "बाय हाय ना," असं ती म्हणाली होती म्हणे. ती पुन्हा त्या रांगांमध्ये वाकून केरसुणी मारणार होती आणि ते पोटरीएवढंच राहील याची खात्री मी कुणाला देऊ शकत नव्हते. तिला अडवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती.

मी तिच्या घरी गेले. दुपार कलली होती, ती ओटीवर वाल सोलत बसली होती. मला पाहून इतकी आनंदली की मला परत फिरावंसं वाटलं. तिने मला पाट दिला, नातवंडांना हाक मारून 'ही ती बाय' म्हणून दाखवलं. मुलं गेल्यावर मी सांगितलं. खाली कुणी नव्हतं. तो धुरातलाच वायू होता, पाइपातून येणारा. ट्यूब आणि पंखा एकाच स्विचवर होते. मी स्विच बंद केला तेव्हा पंखा बंद झाला हे मला ऐकू आलं होतं. शुक्रवारची सुट्टी माझ्या लक्षात राहिली नाही. मावशी, तुम्ही माझ्यामुळे पडलात. परत तिथे जाऊ नका.

मावशीचे हात थांबले. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मंग तुमाना ठाव होता?" तिने विचारलं.

"शाळेत शिकले होते," मी म्हटलं.

तिने टरफलं सुपात गोळा केली, उठली आणि अंगणात नेऊन टाकली. परत आली तेव्हा ओटीवर बसली नाही. खांबाला धरून उभी राहिली. "उजेड हाय तवर घरा जा, म्याडम," ती म्हणाली.

ती खोलीत परत गेली नाही. साहेबांनी गावातल्या दुसऱ्या बायकांना विचारलं, कुणी यायला तयार होईना. मावशीने गावात सांगितलं होतं की तिथे आमच्या खळ्यावर कायतरी बसलंय आणि त्याला माणूस नको आहे. महिनाभरात झाडं सुकली, व्हॉल्व्ह बंद झाला आणि दारावरची पाटी उतरवली गेली. माझं नाव तिने कुणाजवळही घेतलं नाही, स्वतःच्या मुलाजवळसुद्धा नाही. तो मला भेटला की अजूनही वाकून नमस्कार करायचा.

पुढे दोन वर्षं मी त्या कारखान्यात होते. मावशीला गेटजवळच्या आवाराचं काम दिलं होतं. रोज सकाळी मी बसमधून उतरले की ती केरसुणी थांबवायची, "नमस्कार, म्याडम," म्हणायची आणि मी पुढे जाईपर्यंत वाटेतून बाजूला होऊन उभी राहायची.